भिंतीकडे तोंड

धाकटे भाऊजी दारात येऊन उभे राहिले, तेव्हा सुतारीणबाई जेवणाच्या टेबलावर इस्त्री करत होती आणि टेबलाला शिव्या देत होती. टेबल बुटकं होतं. वाकून वाकून कमरेचा काटा ढिला झाला होता. गावातल्या निम्म्या घरांचे शर्ट आणि चादरी तिच्या हाताखालून जात. इतकी वर्षं ती ज्या पेटीवर हे काम करत आली, ती बरोबर तिच्या उंचीच्या बेताची होती. ती पेटी आता नवऱ्यासकट जमिनीत गेली होती.

शवपेटीच होती ती. नवऱ्यानं स्वतःसाठी केलेली. दोघे भाऊ गावाची दारं-खिडक्या करत, आणि कुणी गेलं की पेटीही त्यांच्याच कारखान्यातून निघे. स्वतःची पेटी आधीच करून ठेवणारे सुतार आणखीही असतील, पण ती घरात आणून सुतारकामाच्या दोन लाकडी घोड्यांवर ठेवणारा आणि वर बायकोला इस्त्री करू देणारा हा एकटाच. शेजारणी नाकं मुरडत. सुतारीणबाई त्यांना सांगे, रिकामी आहे तोवर आत रजया राहतील आणि वर कपडे होतील. पुढं भरणारच आहे, तेव्हा काय ती मला विचारणार आहे?

भाऊजींच्या कानावरची पेन्सिल काढायची राहिली होती. म्हणजे ते कामावरून तसेच उठून आले होते.

"वहिनी," ते म्हणाले, "दादा उलटा पुरला गेलाय."

तिला वाटलं, पालथा. तिनं इस्त्री उभी केली आणि खुर्चीचा हात धरला. मग भाऊजींनी पाणी पिऊन सगळं नीट सांगितलं.

गावची रीत अशी, की मेलेल्याचं डोकं पश्चिमेला आणि पाय पूर्वेला. शेवटच्या दिवशी प्रभू उगवतीकडून येणार, कर्णा वाजणार, कबरी उघडणार, आणि माणूस नुसता उठून बसला तरी समोर प्रभू. उठल्या उठल्या शोधाशोध नको. फक्त फादर लोकांना उलटं ठेवतात, कारण त्यांनी उठल्यावर आपल्या माणसांकडे बघायचं असतं. पण या भावांच्या पेट्या दोन्ही टोकांना सारख्याच रुंद. खिळे ठोकल्यावर डोकं कुठलं नि पाय कुठले, हे बाहेरून कळायचं नाही. म्हणून झाकणावर डोक्याच्या बाजूला एक क्रूस कोरलेला असे. खांदेकरी आणि कबरी खोदणारा फावड्या त्या क्रुसाच्या भरवशावर चालायचे.

आज भाऊजी पाववाल्याच्या म्हातारीची पेटी करत होते. डोकं जरा वर राहावं म्हणून आत एक उतरती फळी बसवतात, ती त्यांनी बसवली, वर झाकण ठेवलं, क्रूस कोरायला पटाशी उचलली आणि हात जागच्या जागी राहिला. दादाच्या पेटीत उशीची फळी एका टोकाला होती आणि झाकणावरचा क्रूस दुसऱ्या टोकाला. झाकण त्यांनीच बसवलं होतं, रडत रडत. डोळ्यांत पाणी असताना माणूस खिळा बघतो, क्रूस नाही.

"मीच ठोकलं," भाऊजी म्हणाले. "क्रूस पायांवर होता, आणि मला दिसला नाही."

सुतारीणबाई घाबरली, हे खरं. लोक पुढं तिला वाघीण वगैरे म्हणाले, पण त्या सकाळी ती घाबरली. तिचा विश्वास साधा होता आणि अडेल होता. आत्मा म्हणजे काय, हे तिला कधी नीट उमगलं नाही. नवऱ्याचा आत्मा देवाजवळ पोचला असं दफनाच्या दिवशी सगळे सांगत होते, ती मान डोलावत होती, आणि मनात म्हणत होती, पोचला असेल, पण मला तो आत्म्यापुरता नको आहे. तिला तो भुवयांत भुसा अडकलेला, करवतीनं वाकडा झालेला अंगठा घेऊन हवा होता. दर रविवारी सगळ्यांबरोबर उभं राहून ती मेलेले उठतील असं म्हणायची, ते काय तोंडाची वाफ दवडायला? उठणार तर अख्खा उठणार. आणि तो अख्खा उठून नेमका प्रभूकडे पाठ करून बसणार, या विचारानं ती हातातली चादर अर्धवट टाकून निघाली.

दोघं फादरकडे गेली. फादर तरुण होते, गावात नवे होते, आणि माणूस भला होता. त्यांनी दोघांना बसवून घेतलं आणि समजावलं की देवाला दिशा लागत नाही, समुद्रात बुडालेल्यालाही तो शोधून काढतो. तेवढ्यावर भागलं असतं. पण तिथं मास्तर बसले होते. मास्तर शाळेतून निवृत्त झाले तेव्हा शाळेनं सुटकेचा श्वास टाकला आणि चर्चच्या कमिटीनं तो कोंडून घेतला, कारण ते कमिटीचे अध्यक्ष झाले. स्वतःसाठी त्यांनी दफनभूमीत अगदी पुढच्या रांगेतली जागा धरून ठेवली होती. प्रभूच्या नजरेत आधी भरायला. त्यांचं म्हणणं पडलं की देवाला दिशा लागत नसेल, पण गावाला रीत लागते. फादरांसारखा सुतार झोपवला, तर उद्या लोहार म्हणेल मलाही तसंच, आणि परवा न्हावी. भाऊजीही काकुळतीला आले होते. दादाच्या बाबतीत चूक आपल्या हातून झाली आणि ती आपल्या हातानंच निस्तरायची, एवढंच त्यांना दिसत होतं.

असं ठरलं, की दुसऱ्या दिवशी, शनिवारी, सकाळच्या मिस्साच्या प्रार्थनेनंतर कबर उघडायची आणि पेटी फिरवायची. सुतारीणबाईनं मान हलवली. तेव्हा तिला दुसरं काही सुचलंच नव्हतं.

घरी आली तर खुर्चीवर रजयांचा ढीग. पेटी गेल्यापासून त्या बिचाऱ्या या खोलीतून त्या खोलीत वनवास भोगत होत्या. त्यांची घडी करता करता तिला ते झाकण आठवलं. किती वैतागली होती ती त्या झाकणावर. दर थंडीला रजया काढायच्या, आणि झाकण परत बसवताना ते एकाच बाजूनं बसायचं. फिरवून ठेवलं की अडायचं. कडेला आतून लाकडी खुंट्या होत्या, दोन जवळजवळ आणि दोन लांब लांब, त्यामुळे उलट ठेवण्याची सोयच नव्हती. तिनं नवऱ्याला विचारलंही होतं, साध्या झाकणाला एवढा हट्ट कशाला? तो म्हणाला होता, "असू दे." तो शब्दाला महाग माणूस. त्याचं "असू दे" म्हणजे दुसऱ्याचं भाषण.

इतर कुठल्या पेटीला खुंट्या असत? एकाही नाही. गावातल्या सगळ्या पेट्यांची झाकणं सपाट, वर ठेवायचं आणि ठोकायचं.

सुतारीणबाई हातात रजई घेऊन तशीच उभी राहिली. उशीची फळी खिडकीच्या बाजूला. क्रूस दाराच्या बाजूला, तिच्या इस्त्रीच्या घोंगडीखाली. रोज ती त्या क्रुसावरून इस्त्री फिरवत आली आणि रोज त्या फळीवर रजया रचत आली. काखेत कळसा म्हणतात तो हा. ज्या माणसाच्या हातून उभ्या जन्मात एक दार करकरलं नाही, तो स्वतःच्या पेटीवरचा क्रूस चुकवेल? आणि चुकवल्यावर ती चूक कुणाला सुधारता येऊ नये म्हणून खुंट्या लावेल?

तिनं चपला घातल्या आणि भर दुपारी दफनभूमीकडे निघाली.

जागाही त्यानंच निवडली होती, तेही तिला वाटेत आठवलं. लोक फाटकाजवळची, चॅपलजवळची, झाडाखालची जागा मागतात. यानं मागच्या पश्चिमेच्या भिंतीलगतची शेवटची रांग मागितली. तिथं ओल असते, गवत माजतं, कुणी फिरकत नाही. भाऊजी तेव्हा म्हणाले होते, दादाला मेल्यावरही गर्दी नको. तिलाही ते पटलं होतं, कारण तो होताच तसा, नाकासमोर चालणारा, कुणाच्या अध्यात ना मध्यात.

ती कबरीच्या पूर्वेच्या टोकाशी, म्हणजे आता जिथं त्याचं डोकं होतं तिथं, उभी राहिली आणि तो उठल्यावर जिकडे बघेल तिकडे तिनं बघितलं. समोर भिंत होती. भिंतीच्या पायथ्याशी गवतातून डोकावणारे लहान लहान दगड होते, क्रूस नसलेले, नावं नसलेले. त्यातला एक दगड तिला पाठ होता.

त्यांना एक मुलगी झाली होती. सकाळी जन्मली आणि दिवे लागायच्या आत गेली. त्या वेळचे म्हातारे फादर शेजारच्या गावी लग्न लावायला गेले होते, आणि ही दोघं पोरीला मांडीवर घेऊन त्यांची वाट बघत बसली. अशा वेळी घरचं कुणीही डोक्यावर पाणी घालून बाप्तिस्मा देऊ शकतं, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं ते पोर गेल्यावर, आणि तेही दोष द्यायला. बाप्तिस्मा नाही म्हणजे आशीर्वाद दिलेल्या जमिनीत जागा नाही. भिंतीशी न्या, तिथं अशी आणखी आहेत.

बापानं तिची पेटी केली. एवढीशी. झाकणावर रीतीप्रमाणे क्रूस कोरला. म्हाताऱ्या फादरांनी तो बघितला आणि म्हणाले, हा चालणार नाही, काढ. आणि त्यानं तो काढला. कुणाशी एक शब्द न बोलता त्यानं त्या एवढ्याशा झाकणावर, क्रूस पुसला जाईपर्यंत, रंधा मारला. भाऊजी तेव्हा मिसरूड फुटायच्या वयाचे, पेटी हलू नये म्हणून त्यांनी ती धरली होती. मग त्यानं स्वतः ती भिंतीशी नेली आणि पाय पूर्वेला करून ठेवली. प्रार्थना नाही, घंटा नाही. परत आल्यावर त्यानं हात धुतले आणि जेवायला बसला, आणि त्यानंतर पोरीचा विषय त्याच्या तोंडून कधी निघाला नाही. सुतारीणबाईला कित्येक वर्षं वाटत होतं की हा विसरला. त्याबद्दल तिनं मनातल्या मनात त्याला खूप दोष दिला होता. आणि त्यानं तर त्याच महिन्यात स्वतःची पेटी करायला घेतली होती, ताकास तूर लागू न देता.

ती तिथं गवतात बसली आणि रडली. भरपूर रडली, आणि मग मेलेल्या नवऱ्याला मोठ्यानं म्हणाली, "अहो, मला तरी सांगायचं होतं."

शनिवारी मिस्सा संपवून सगळे दफनभूमीत आले, तर सुतारीणबाई आधीच हजर. घरून स्टूल आणलं होतं, ते कबरीच्या मातीवर ठेवून ती त्यावर बसली होती, मांडीवर हात, जशी काही दाढदुखीच्या डॉक्टरकडे नंबर लावून बसली आहे. फावड्या खोरं टेकवून बाजूला उभा होता. त्यानं मास्तरांना सांगितलं की बाई उठत नाहीत आणि आपण बाईमाणसाला उचलत नाही.

भाऊजी पुढं झाले. "वहिनी, उठा. दादाचं नीट करू द्या."

"नीटच आहे," ती म्हणाली. "भाऊजी, त्या झाकणाला खुंट्या कुणी लावल्या? तुम्ही इतक्या पेट्या केल्यात, एकीला तरी आहेत?"

भाऊजींचा अंगठा बोटांवरून फिरला, दोन जवळ, दोन लांब. सुताराला खुंटीची भाषा कळते.

"आता माझ्या बाजूला या, आणि ते कुठं बघतायत ते बघा."

भाऊजी आले. बघितलं. भिंतीपाशी त्यांची नजर खाली गेली, दगडांवर, आणि तिथंच राहिली. कानावरची पेन्सिल त्यांनी काढली आणि उगाचच खिशात ठेवली.

मास्तरांना उशिरा कळलं, पण कळलं. त्यांचा आवाज जरा उतरला, तरी हट्ट उतरला नाही. ते म्हणाले की दुःख समजतं, पण ती मुलं बाप्तिस्मा न झालेली. ती उठणार की नाही हे आपण सांगू शकत नाही. आणि त्यांच्यासाठी एका ख्रिस्ती माणसानं प्रभूकडे पाठ करायची, हा उघड उघड अपमान आहे. कमिटीत कुणी मूग गिळून बसलं तरी आपण बसणार नाही.

सुतारीणबाई त्यांच्याशी बोललीच नाही. तिनं फादरांकडे बघितलं.

"फादर, मला एकच सांगा. ही पोरं उठणार की नाही?"

मास्तरांकडे बघितलं असतं तर उत्तर सोपं झालं असतं, पण फादरांनी दगडांकडे बघितलं. मग ते म्हणाले की पूर्वी लोक खूप काही ठामपणे बोलत, आता चर्च या मुलांना देवाच्या दयेच्या हवाली करतं आणि आशा धरतं. एवढं शिकवलेलं बोलून झाल्यावर ते थांबले.

"मला स्वतःला विचाराल," ते म्हणाले, "तर उठणार."

"मग उठल्यावर त्यांना काय दिसणार?" सुतारीणबाई स्टुलावरून उठली. आता तिचा आवाज फाटकापर्यंत जात होता. "त्यांनाही पाय पूर्वेला करूनच ठेवलंय. ती उठून बसली की त्यांच्यासमोर कोण? आपण. सगळं गाव. पुढच्या रांगेतले मास्तर, मधल्या रांगेतले दुकानदार, सगळे प्रभूकडे तोंड करून उभे, आणि या पोरांकडे आपल्या पाठी. जिवंतपणी पाठ फिरवली ती फिरवलीच, उठल्यावरही तेच. या लेकरांनी कुणाचं काय घोडं मारलं होतं? अख्ख्या दफनभूमीत एक माणूस त्यांच्याकडे तोंड करून झोपलाय, आणि तुम्ही त्याला फिरवायला खोरं घेऊन आलात."

"आणि प्रभू?" मास्तर म्हणाले. "प्रभू समोरून येणार, आणि हा पाठ करून उभा?"

"प्रभू हाक मारेल की. हाक मारल्यावर माणूस वळतोच. हेही वळतील. पण आधी पोरीला उचलून घेतील, मग वळतील. रिकाम्या हातानं वळणार नाहीत."

फावड्यानं खोऱ्याचं पातं गवतावर पुसलं, जे मुळात स्वच्छच होतं, आणि खोरं खांद्यावर टाकलं. आपल्याला पाववाल्याच्या म्हातारीची कबर काढायची आहे असं कुणालाही न सांगता सांगून तो चालू लागला. मास्तर थोडा वेळ थांबले. हे प्रकरण कमिटीपुढं येईल असं ते म्हणाले, आणि तेही गेले.

भाऊजी मात्र मातीत बसले होते. "मी पेटी धरली होती, वहिनी," ते म्हणाले. "दादा रंधा मारत होता आणि मी धरली होती. सगळ्या ढलप्या माझ्या पायावर पडत होत्या." सुतारीणबाईनं त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. तिला तेव्हा त्यांच्याबद्दल फार माया वाटली, आणि म्हाताऱ्या फादरांबद्दल अजिबात नाही. ती ते लपवतही नाही.

दुपारी भाऊजींनी कारखाना बंद ठेवून एक क्रूस केला. लहान, हातभर, सागवानी. संध्याकाळी तो भिंतीशी रोवला, आणि फादरांनी गळ्यात प्रार्थनेचा पट्टा घालून, पाणी शिंपडून, त्या दगडापाशी जी प्रार्थना इतकी वर्षं राहिली होती ती म्हटली. दुसऱ्या दिवशी पाववाल्याची बायको म्हातारीला पुरून परतताना भाऊजींना गाठून हळूच म्हणाली, आमचाही एक आहे तिथं, कोपऱ्यात. मग आणखी एकजण आलं. भाऊजी कुणाला काही विचारत नव्हते, फक्त लाकूड कापत होते.

एवढं झाल्यावर सुतारीणबाईनं त्यांना सांगितलं की आता माझी पेटी करा, त्या मेल्या टेबलावर माझी कंबर जाईल. जागा नवऱ्याच्याच शेजारची, भिंतीकडची. भाऊजींनी पेटी केली, घरी आणली, त्याच दोन घोड्यांवर चढवली. उंची बरोबर बेताची. तिनं झाकण उचलून फिरवून ठेवून बघितलं. अडलं. खुंट्या होत्या.

"क्रूस?" तिनं विचारलं.

"पायाकडे," भाऊजी म्हणाले.

तिनं रजया आत टाकल्या, वर घोंगडी पसरली आणि मास्तरांचाच शर्ट इस्त्रीला घेतला. कपडे न्यायला मास्तर स्वतः आले होते, आणि पेटीकडे बघून त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. कमिटीत चर्चा अजून चालूच आहे, असं ते म्हणाले. एक उलटा झोपला, आता तुम्हीही झोपणार, गाव काय म्हणेल?

"म्हणू देत, मास्तर," सुतारीणबाई म्हणाली आणि त्यांच्या कॉलरवरून इस्त्री फिरवली. "उठल्यावर बघू."